टोपलीतलं निमंत्रण

मित्रांनो, मी एक जुना श्रेडर आहे. म्हणजे कागदाचे बारीक तुकडे करणारं मशीन. टेक्सासमधल्या प्लेनो गावात, एका मराठी घराच्या जेवणाच्या टेबलामागे, खिडकी आणि देवाचं कपाट यांच्यामधल्या कोपऱ्यात माझी जागा आहे. उंची गुडघ्याच्या जरा वर, रंग काळा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. गप्प बसणं हीच ज्यांची नोकरी असते त्यांना एकदा बोलायला मिळालं की ते जरा जास्त बोलतात. तेवढं सांभाळून घ्या.

माझ्यावर विश्वास ठेवा असं मात्र मी म्हणणार नाही. माझा जन्मच अविश्वासापोटी झालेला आहे. सगळी माणसं सरळ असती तर कागद नुसते फेकून दिले असते, त्यांचे तांदळाएवढे तुकडे करायची कुणाला गरज पडली नसती. कारखान्यात माझे दोन दातेरी रूळ एकमेकांत बसवले, एका बाईने तोंडात कोरा कागद घातला, खाली पडलेले तुकडे चिमटीत धरून बघितले आणि माझ्या पाठीवर हिरवा गोल चिकटवला. आयुष्यातली ती पहिली शाबासकी. मग खोकं, मग ट्रक, मग दुकानाची फळी, आणि मग परीक्षित.

परीक्षित मूळचा नागपूरचा. या देशात येऊन त्याला एकोणीस वर्षं झाली, आणि मला या घरात बारा. तो एका मोठ्या कंपनीत लोकांना फसव्या ईमेल ओळखायला शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, तर स्वतःच खोट्या ईमेल तयार करतो आणि सहकाऱ्यांना पाठवतो. 'तुमचं पार्सल अडकलं आहे, इथे दाबा.' जो दाबतो त्याला एक तास ट्रेनिंग. असा माणूस घरी येऊन एकदम भोळा होईल का? एकदा त्याने बायकोलाच दिवाळी अंक मोफत मिळणार असल्याची ईमेल पाठवली. रत्नाने दाबलं. परीक्षितने तिला संध्याकाळभर समजावून सांगितलं. पुढचा आठवडाभर त्याच्या डब्यात रोज दुधीची भाजी गेली. ट्रेनिंग दोन्ही बाजूंनी झालं, असं मी मनात धरलं.

घरात येणारं सगळं टपाल परीक्षितच्या हाताखालून जातं. नाव कुणाचंही असो. तो त्याचे तीन भाग करतो: सरकारचं, भरायचं आणि मशीनचं. सरकारचं ते हिरव्या फायलीत. तो इथे कामाच्या व्हिसावर आहे, आणि कायमचं राहायची परवानगी देणाऱ्या एका पत्राची चौदा वर्षं वाट बघतो आहे. ते पत्र अजून आलेलं नाही. न मागितलेली पत्रं मात्र रोज यायची. ती माझ्या डोक्यावरच्या तारेच्या टोपलीत पडायची आणि रविवारी सकाळी अकरा वाजता माझ्या पोटात जायची. रविवारच्या आधी टोपलीला कुणी हात लावायचा नाही, हा नियम. रविवारनंतर लावून उपयोग नाही, हे मी सांगायला नको.

माणूस काय खातो त्यावरून तो कळतो म्हणतात. मला विचाराल तर तो कसा खाऊ घालतो त्यावरून जास्त कळतो. माझी क्षमता आठ पानांची. तसं माझ्या कपाळावर लिहिलेलं आहे. परीक्षित बारा घालतो, मी अडकलो की 'स्वस्तातला माल' म्हणतो. रत्ना आधी टाचणी काढते, पाकिटाच्या खिडकीचं प्लास्टिक सोलते, एकेक पान देते, आणि दोन महिन्यांतून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडून तोंड पुसते. बारा वर्षांत मला इतकं जपून कुणी वागवलं नाही. त्यांची मुलगी देवयानी पहिल्यांदा माझ्याकडे आली ती तिसरीत असताना, चवड्यांवर उभी राहून, मागे बघत. हातात गणिताचा पेपर होता, चार घड्या घातलेला. किती मार्क होते ते मी तेव्हाही सांगितलं नाही, आताही सांगणार नाही.

एका जातीचा कागद मात्र माझ्याकडे कधीच येत नाही. भारतातून येणाऱ्या लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका. चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेल्या. त्या एका बुटांच्या खोक्यात देवाच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात जातात. त्यातल्या दोन जोडप्यांचा घटस्फोटसुद्धा झाला, पण पत्रिका आपल्या जागी मानाने बसलेल्या आहेत. हळदकुंकू लागलेला कागद मशीनमध्ये घालायचा नाही, असं या घरात कुणी कधी ठरवलं नाही, कुणी बोललंही नाही. ईमेलवर, फोनवर आणि हवामानाच्या अंदाजावरही विश्वास न ठेवणारा परीक्षित हा एक नियम बिनतक्रार पाळतो. शेजारच्या त्या खोक्याकडे मी बारा वर्षं जरा जळूनच बघत आलो आहे.

आता पुढचं कळायचं तर चार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला हवी. देवयानी तेरा वर्षांची होती. तिच्या नावाने एक जाड पाकीट आलं, वर सोनेरी शिक्का. अभिनंदन, देशभरातून निवडलेल्या मोजक्या मुलांत तुमची निवड झाली आहे, नेतृत्व शिबिराला या. घर नुसतं उजळलं. परीक्षितने मंडळाच्या गणपतीत माइकवरून सांगितलं. शिबिर झालं, प्रमाणपत्र आलं, भिंतीवर लागलं. मग एकदा अरुणकाकांकडे जेवायला गेले. अरुण म्हणजे परीक्षितचा मित्र, मुंबईचा, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. त्याच्याही भिंतीवर तेच प्रमाणपत्र, त्याच्या मुलाच्या, कुशच्या नावाचं. कुशने त्या वर्षी क्रिकेट सोडून दुसरं काही केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं की पत्ता मिळेल त्या प्रत्येक मुलाची निवड झाली होती.

परीक्षितने घरी येऊन प्रमाणपत्र फ्रेममधून काढलं आणि शिक्क्यासकट माझ्या तोंडात घातलं. देवयानी फ्रेम हातात धरून शेजारी उभी होती. ती रडली नाही. फक्त रिकामी फ्रेम आता कुठे ठेवायची ते तिला कळेना. तो सोनेरी चिकट कागद माझ्या दातांत बसला. थोडा अजून आहे. त्या दिवसापासून परीक्षितचा नियम झाला: अभिनंदनने सुरू होणारं पत्र खोटं.

देवयानी आता सतरा वर्षांची आहे, जन्माने इथलीच नागरिक. शाळेच्या टीममध्ये लांब पल्ल्याचं धावते, कमी बोलते, आणि बोलते ते निम्मं इंग्रजीत. या जुलैत ती माझ्याकडे पुन्हा येऊ लागली. बाबा ऑफिसला, आई मराठी शाळेच्या मीटिंगला, अशी वेळ बघून. हातात निबंधाचे कच्चे मसुदे. वाचायचं माझं काम नाही, पण दातांखालून जातं ते कळतंच. पूर्व किनाऱ्यावरच्या एका लष्करी अकादमीला ती अर्ज करत होती. तिथे चार वर्षं फुकट शिक्षण आणि प्रशिक्षण, पुढे किमान पाच वर्षं सैन्यात अधिकारी. 'मला तुमच्याकडे का यायचं आहे' हा निबंधाचा विषय. पहिल्या मसुद्यात देश होता, दुसऱ्यात साहस, तिसऱ्यात शिस्त. चौथ्यापासून ती खरं लिहू लागली.

सहावा मसुदा अर्धा आत गेला आणि गॅरेजचं दार वाजलं. घाबरून तिने उलटं बटण दाबलं, पान तिरकं झालं आणि मी अडकलो. ती वर पळाली. आत आली ती रत्ना. तिने बघितलं, प्लग काढला, भुवयांचा चिमटा आणून अर्धं पान हळूहळू ओढून घेतलं, आणि उभ्या उभ्या वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग घडी घालून शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली ठेवलं. नवऱ्याला नाही सांगितलं, मुलीलाही नाही. मला वाटायचं या घरात सगळ्यात गप्प मीच आहे.

सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी ते पाकीट आलं. जाड कागदाचं, पांढरंशुभ्र, कोपऱ्यात शिक्का. शिक्का बघूनच परीक्षितने पेन्सिल हातात घेतली. आत एकच पान होतं. पुढच्या बाजूला निमंत्रण, मागच्या बाजूला पालकांचं संमतिपत्र. अर्जदारांसाठी तीन दिवसांची भेट. अकादमीतच राहायचं, तिथल्या एका विद्यार्थिनीबरोबर वर्गात बसायचं, पहाटे कवायत करायची, कसं वाटतं ते बघायचं.

परीक्षितने रेघा मारायला सुरुवात केली. 'अभिनंदन' खाली एक रेघ. 'निवड झाली आहे' खाली एक. 'सोमवारपर्यंत कळवावे' ही घाई. 'राहणे-जेवणे आमच्याकडे' हे आमिष. मागे विम्याचा नंबर मागितला होता, त्याभोवती गोल. आणि 'पालकांनी प्रवेशद्वारापाशी निरोप घ्यावा' याच्याखाली त्याने दोन रेघा मारल्या. रत्नाला म्हणाला, त्यांनी एकही खूण चुकवली नाहीये बघ, मी ट्रेनिंगला हाच नमुना घेतो. आणि कागद माझ्या टोपलीत टाकला.

साडेपाचला देवयानी प्रॅक्टिसहून आली. बूट काढता काढता तिची नजर टोपलीवर गेली.

"ते माझं आहे," ती म्हणाली.

"स्कॅम आहे."

"इट्स नॉट. मी अप्लाय केलंय. ऑगस्टमध्ये."

 परीक्षितने कामावरचा प्रश्न विचारला: आधी तुला कुणी गाठलं? फोन आला, मेसेज आला, शाळेत कुणी भेटलं? ती म्हणाली, कुणीच नाही, मीच त्यांना लिहिलं. याचं उत्तर त्याच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. तिथे सावज स्वतःहून पत्ता विचारत जात नाही.

म्हणून तो दुसरीकडून आला. चार वर्षांचं शिक्षण फुकट, हे कसं? जगात फुकट कोण देतं, देवू? दिवाळी अंकसुद्धा देत नाहीत. रत्ना ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"इट्स नॉट फ्री, बाबा," देवयानी म्हणाली. "आय पे विथ फाइव्ह इयर्स. त्यांच्या अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय ते. कुठला स्कॅम तुला पहिल्या पानावर किंमत सांगतो?"

मित्रांनो, मी कागद खाणारा प्राणी आहे, पण ते वाक्य मला न चावता जपून ठेवावंसं वाटलं. परीक्षित म्हणाला, टोपलीला हात लावू नकोस, मी व्हेरिफाय करीन.

"कर. मला दुसरी कॉपी प्रिंट करता येते," ती जिन्यापाशी थांबून म्हणाली. "तुझी सही प्रिंट नाही करता येत. आई-बाबा दोघांची लागते, आणि मला अठरा वर्षं जानेवारीत होतात. सो, संडेला अकरा वाजता मला कळेल."

बुधवारी दुपारी परीक्षितने घरूनच काम केलं आणि फोन लावला. पत्रावरच्या नंबरला नाही. तो त्याचा पहिला नियम. त्याने स्वतः शोधून काढलेल्या नंबरला. पलीकडून एक बाई बोलल्या. त्याने त्यांचं नाव विचारलं, स्पेलिंग विचारलं, आणि ऑफिसच्या नंबरवरून मला उलट फोन करा म्हणाला. एका मिनिटात फोन वाजला. देवयानीचं नाव यादीत होतं, तारीख बरोबर होती, सगळं बरोबर होतं. शेवटी त्याने विचारलं, पालकांना आत का येऊ देत नाही? बाई शांतपणे म्हणाल्या, सर, अर्ज पालकांनी केलेला नाही.

त्याने फोन ठेवला. पत्र खरं होतं. शंभर टक्के. आता पत्र टोपलीतून निघायला हवं होतं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, टोपलीत बघितलं, आणि बाहेर जाऊन गवत कापायला लागला. परवाच कापलेलं गवत.

कागद तिथेच राहिला. गुरुवारीही तिथेच होता. बारा वर्षं मी या माणसाचे संशय चावतो आहे, पण तेव्हा मला कळलं की या वेळी शंका कागदाबद्दल नव्हतीच. कागद खोटा असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं. खोट्या कागदाचं काय करायचं ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

शुक्रवारी घरात फक्त 'मीठ दे' आणि 'लाइट बंद कर' एवढंच बोलणं झालं. देवयानीने आईवरही संशय घेतला. तू काहीच का बोलत नाहीस, यू आर ऑन हिज साइड, असं म्हणाली. रत्ना म्हणाली, तिथे केस कापावे लागतात का? देवयानी वैतागून वर गेली. आईला केसांचंच पडलंय, असं तिला वाटलं असणार.

शनिवारी अरुणकाका चहाला आले. त्यांची नजर अशा गोष्टींवर बरोबर जाते. टोपलीतला शिक्का बघून म्हणाले, "परत अभिनंदन? थांब, कुशलाही आलंय का विचारतो."

देवयानी जिन्यावर बूट घालत बसली होती. तिचे हात थांबले.

अरुणकाकांनी पत्र न उचलताच वाचलं आणि रंगात आले. यार, लोक मुलींना डॉक्टर करतात, तू कॅप्टन करणार का? आपल्यात कोण जातं सैन्यात? आणि उद्या कुठल्या वाळवंटात पाठवतील, तुला विचारणार आहेत का? त्यांच्या बोलण्यात वाईट काही नसतं. फक्त समोरच्याच्या मनात जे आहे ते ते मोठ्याने बोलून टाकतात, आणि ते ऐकायला फार वाईट वाटतं.

परीक्षितने कप खाली ठेवला. "नाही अरुण. हे खरं आहे. मी व्हेरिफाय केलंय. तिने स्वतः मिळवलंय हे."

अरुणकाकांचं हसू अर्ध्यावर राहिलं. ते टोपलीकडे बघत म्हणाले, "मग टोपलीत का ठेवलंय?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं.  रत्नाने आणखी चहा विचारला. अरुणकाका नको म्हणाले आणि पाच मिनिटांत गेले. देवयानी कधी धावायला निघून गेली ते कुणाला कळलं नाही, पण 'तिने स्वतः मिळवलंय' हे ती ऐकून गेली होती. ते मी बघितलं.

रविवारी सकाळी नऊला रत्नाने पूजा केली. देवाचं कपाट माझ्या शेजारीच, त्यामुळे मला उदबत्तीचा धूर नेहमी मिळतो. पूजा झाल्यावर ती उठली नाही. तिने मागे वळून टोपलीतून पत्र काढलं. बारा वर्षांत टोपलीचा नियम पहिल्यांदा मोडला गेला, आणि तो मोडणारी रत्ना होती. तिने ते पाटावर ठेवलं, करंडा उघडला, आणि चारही कोपऱ्यांना आधी हळद, मग कुंकू लावलं. घाई नाही, चोरटेपणा नाही. पत्रिका लावतात तसं. मग पान उलटं केलं, मागच्या बाजूलाही लावलं, आणि किराणा मालाची यादी करायच्या पेनाने पहिल्या ओळीवर सही केली. शिवणाचा डबा उघडून ते अर्धं पान काढलं आणि निमंत्रणाला टाचणी लावून जोडलं. माझ्या तोंडात पान देताना न चुकता टाचणी काढणारी बाई ती. सगळं टोपलीत तळाशी ठेवून ती नाश्त्याचे पोहे भिजवायला गेली.

अकरा वाजता परीक्षित खुर्ची ओढून बसला. देवयानी पोह्यांची बशी घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्याकडे न बघता. बँकेच्या ऑफर गेल्या. दाताच्या डॉक्टरांचं कार्ड गेलं. छपरावर सौर पॅनेल बसवून देतो म्हणणारे तिघे गेले. त्या दिवशी तो एकेक पान घालत होता. इतकं हळू मी कधी जेवलो नव्हतो.

मग तळाचं हाती आलं. वर ते अर्धं पान, खालची कड माझ्या दातांनी झालर केलेली. इंग्रजीतच होतं, मी मराठीत सांगतो. 'माझे बाबा लोकांना पत्रांवर विश्वास ठेवू नका असं शिकवतात. ते स्वतः चौदा वर्षं एका पत्राची वाट बघत आहेत, आणि तरी रोज संध्याकाळी पत्रपेटी उघडायला स्वतःच जातात. धीर म्हणजे काय ते मला शाळेत कुणी शिकवलं नाही. ते मी पत्रपेटीपाशी शिकले. म्हणून मला वाटतं की ज्या दिवशी मी...' पुढे झालर. त्या वाक्याचा शेवट माझ्याकडे आहे. पण तो मला विश्वासाने दिलेला आहे.

परीक्षितने टाचणी काढली. खाली निमंत्रण. पिवळे-तांबडे चार कोपरे. त्याचा हात माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर थांबला. माझे रूळ रिकामेच फिरत राहिले, आणि मग मी माझा मीच बंद झालो. माझी तशी सोय आहे.

"हे कुणी केलं?"

"निमंत्रण आहे," रत्ना ओट्यापासून म्हणाली. "निमंत्रणाला लावतात."

"रत्ना, याला सही लागते. कुंकू नाही लागत."

"सही तुझी राहिलीये. माझं मी केलंय."

त्याने पान उलटं केलं. दोन ओळी होत्या, एक भरलेली. रत्नाचं नाव पूर्ण लिहिलेलं, माहेरच्या आडनावासकट, ते ती फक्त पासपोर्टवर लिहिते. देवयानी उठून उभी राहिली होती. आईकडे बघत होती, केसांचा प्रश्न विचारणाऱ्या आईकडे.

परीक्षितने विचारलं, "भीती वाटते का तुला?"

 देवयानी मराठीत म्हणाली, "हो. वाटते."

"मग ठीक आहे. भीती न वाटणाऱ्याला मी ट्रेनिंगमध्ये कधी पास करत नाही."

त्याने सही केली. आधी पेन दुसऱ्या कागदावर चालवून बघितलं, ते वेगळं. स्वभाव एका रविवारात जात नाही.

सोमवारी सकाळी संमतिपत्र स्कॅन होऊन गेलं. आणि मित्रांनो, मंगळवारी अकादमीतून फोन आला. त्याच बाई. आता संशय घ्यायची पाळी त्यांची होती. कागदाच्या कोपऱ्यांवर लालसर डाग दिसत आहेत, सही करताना घरात कुणाला इजा वगैरे झाली आहे का, आणि सही पालकांनी आपल्या मर्जीनेच केली आहे ना? परीक्षितने अकरा मिनिटं समजावून सांगितलं. मी घड्याळ बघत होतो. हे रक्त नाही, मॅडम. हळद आहे, स्वयंपाकात असते ती. आणि कुंकू. नाही, दस्तऐवजाशी छेडछाड नाही. आमच्याकडे बोलावणं शुभ आहे आणि मनापासून आहे, त्याची ही खूण असते. बाई म्हणाल्या, स्वच्छ प्रत पाठवता येईल का? परीक्षित म्हणाला, येईल, पण ती यापेक्षा कमी खरी असेल.  बाईंनी हळदीचं स्पेलिंग विचारलं आणि नोंद करून घेतली.

ऑक्टोबरच्या शेवटी देवयानी गेली. परीक्षित विमानाने बरोबर गेला, प्रवेशद्वारापाशी थांबला, आत गेला नाही. तीन दिवसांनी दोघं परत आली. तिच्या सांगण्यावरून, जेवण फिकं होतं, जिच्या खोलीत राहिली ती मुलगी घोरत होती, आणि पहाटे धावताना नदीवरून येणारं वारं तिला फार आवडलं. तिथल्या अधिकाऱ्यांना तिने सतरा प्रश्न विचारले, घरून लिहून नेलेले. दोन प्रश्नांची उत्तरं तिला पटली नाहीत, ती तिने वेगळी लिहून आणली आहेत. मुलगी कुणाची आहे ते वेगळं सांगायला नको. निवड होते का ते वसंतात कळेल, जायचं का ते ती ठरवेल. परीक्षित अजूनही बातम्या लागल्या की आवाज कमी करतो. भीती गेलेली नाही. फक्त ती आता पत्राच्या नावावर खपवत नाही.

निमंत्रणाचा तो कागद सगळं झाल्यावर परीक्षितने हातात धरला. हिरवी फाइल उघडली, बंद केली. मग माझ्या शेजारचं कपाट उघडलं आणि तो त्या बुटांच्या खोक्यात, लग्नपत्रिकांच्या वर ठेवला. आता त्या खोक्याकडे बघून मी जळत नाही.

माझं आता वय झालं. बिलं फोनवर येतात, बँकांनाही परीक्षितने कागद पाठवू नका म्हणून कळवलं, रविवारचे अकरा कधी वाजतात ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. टोपली काढून कुणी तरी माझ्या डोक्यावर मनी प्लांट ठेवला आहे. पाणी घालताना थोडं माझ्या तोंडात जातं. रत्नाचं तेल मात्र अजून चुकत नाही.

तेव्हा मित्रांनो, घरात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला एका वेळी आठच पानं घाला, आणि अधूनमधून तेल द्या. संशय जरूर घ्या, त्यावर माझं पोट आहे. उलट फोन करा, स्पेलिंग विचारा, पेन्सिलीने रेघा मारा. पण शंका फिटल्यावरही कागद टोपलीतच पडून असेल, तर आपण नक्की कशाला घाबरलो आहोत ते एकदा मशीनसमोर बसून स्वतःला विचारा. खोट्या पत्राचा सोनेरी शिक्का माझ्या दातांत आहे आणि खरं पत्र शेजारच्या कपाटात. दोन्हींमध्ये हातभर अंतर आहे. तेवढं कापायला एका शहाण्या माणसाला पाच दिवस लागले. तुम्हाला लागतील तेवढे तुम्ही घ्या, फक्त सोमवारच्या आत.